तेल-वायूच्या ठेक्यात दर्जा, सुरक्षा आणि पर्यावरण: तिन्हींची एकच पद्धत कशी बसवायची

गोव्यात तेलविहीर नाही, पण तेल-वायूचं ठेक्याचं काम बारमाही आहे. मुरगाव बंदरातून टाक्यांपर्यंत जाणाऱ्या पाइपलाइन, वास्को-सांकवाळ पट्ट्यातल्या साठवण टाक्यांची दुरुस्ती आणि रंगकाम, २०१३ साली सुरू झालेल्या दाभोळ-बेंगळुरू वायुवाहिनीतून येणाऱ्या गॅसच्या शहरी वितरणाची खोदाई, कारखान्यांच्या फाटकापाशी बसणारे मीटरिंग स्किड (गॅस मोजणारे तयार संच). ही कामं घेणाऱ्या मध्यम ठेकेदाराच्या ऑफिसात तीन फाइली हमखास सापडतात: दर्जासाठी आयएसओ ९००१, पर्यावरणासाठी १४००१ आणि कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यासाठी ४५००१, ही तीन आंतरराष्ट्रीय मानकं.

तिन्ही मानकांचा सांगाडा दहा कलमांचा आणि सारखाच आहे. त्यामुळे सल्लागार तिन्ही मॅन्युअल शिवून एक जाडजूड मॅन्युअल देतो आणि वर ‘इंटिग्रेटेड’ असं छापतो. साइटवर फरक काहीच पडत नाही. क्यूसीवाला (दर्जा तपासणारा) आपला आयटीपी, म्हणजे तपासणी-चाचणीचा आराखडा, घेऊन फिरतो, सेफ्टीवाला आपला जेएसए, म्हणजे कामातल्या धोक्यांचा तक्ता, आणि पर्यावरणाचा कागद ऑडिटच्या आदल्या आठवड्यात कपाटातून निघतो. जुळणी व्हायला हवी ती प्रत्यक्ष कामाच्या पातळीवर, म्हणून हा लेख मॅन्युअलपेक्षा कामाच्या तक्त्यावर जास्त बोलतो.

सुरुवात निविदेपासून

काम मिळाल्यावर एचएसई (आरोग्य, सुरक्षा, पर्यावरण) प्लॅन लिहायला बसणं म्हणजे उशीर झालेला असतो, कारण दर आधीच भरून गेलेले असतात. निविदेत दर्जा, सुरक्षा आणि पर्यावरणाच्या अटी तीन वेगवेगळ्या परिशिष्टांत असतात, आणि बऱ्याचदा त्या तीन वेगवेगळ्या विभागांनी लिहिलेल्या असतात. त्या एका शीटवर आणा. स्तंभ पाच: अट काय आहे, कुठल्या परिशिष्टातल्या कुठल्या कलमात, आमच्याकडे आज काय आहे, जबाबदार कोण, खर्च किती.

शेवटचा स्तंभ सर्वांत महत्त्वाचा. बीओक्यूमध्ये, म्हणजे कामांच्या परिमाण-दर यादीत, ‘ब्लास्टिंग व पेंटिंग, प्रति चौरस मीटर’ अशी एक ओळ असते. ब्लास्टिंग म्हणजे दाबाच्या हवेने स्लॅगचे कण मारून पत्रा साफ करणं. त्या एका दरात ड्यू पॉइंट (दवबिंदू) मीटर, कॅलिब्रेशन, ब्लास्टरचा बाहेरून हवा मिळणारा एअर-फेड हूड, ताडपत्रीचा आडोसा, वापरलेल्या स्लॅगची चाचणी आणि विल्हेवाट हे सगळं बसवायचं असतं. शीट केली नाही तर यातल्या निम्म्या गोष्टी दरात धरल्याच जात नाहीत, आणि मग साइट इन्चार्ज त्या वाचवायला बघतो. ज्याला आपण साइटवरची बेफिकिरी म्हणतो, तिचं मूळ पुष्कळदा निविदेच्या टेबलावर असतं.

याच शीटमध्ये कायद्याच्या अटीही टाका, वेगळं रजिस्टर नको. टाक्या आणि पेट्रोलियम साठवणुकीसाठी पेसो (केंद्राची पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना), शहरी गॅस वितरणासाठी पीएनजीआरबीचे (पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे) तांत्रिक व सुरक्षा नियम, परमिट (कामाचा लेखी परवाना) पद्धतीसाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचं मानक ओआयएसडी १०५, रेडिओग्राफीसाठी (वेल्डच्या किरणतपासणीसाठी) अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, धोकादायक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आणि गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ. कामगारांबाबत २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आहे. पण निविदांचे जुने नमुने अजून १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची आणि १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याची नावं घेतात. प्री-बिड बैठकीत लेखी प्रश्न टाकून कुठल्या नोंदणीचा कागद चालेल हे ठरवून घ्या, नाहीतर पहिलं बिल त्यावर अडतं.

काय एक करायचं, काय वेगळं ठेवायचं

सगळंच एक करण्याच्या नादात सगळंच पातळ होतं. कागदपत्रांचं नियंत्रण, प्रशिक्षण, पुरवठादारांची निवड, अंतर्गत ऑडिट, त्रुटी-सुधारणा आणि व्यवस्थापनाची आढावा बैठक, या सहा पद्धती बिनधास्त एक करा. त्यांच्यात तिन्ही मानकांचं मागणं जवळजवळ सारखंच आहे.

काही गोष्टी मात्र त्या त्या मानकाच्याच आहेत. ४५००१ मधलं कलम ५.४ कामगारांचा सल्ला आणि सहभाग मागतं, आणि ८.१.२ सांगतं की धोका आधी मुळातून काढा, नाही जमलं तर बदला, मग तांत्रिक उपाय, मग नियम आणि सूचना, आणि हेल्मेट-हार्नेस सगळ्यात शेवटी. ९००१ मध्ये असं काही नाही. उलट ९००१ मधलं डिझाइनचं कलम ८.३ पाइप सपोर्ट किंवा स्किड स्वतः डिझाइन करणाऱ्यालाच लागतं. १४००१ मधला पर्यावरणीय पैलूंचा अभ्यास आणि ४५००१ मधली धोक्यांची ओळख एका रजिस्टरमध्ये बसते, पण गुण देण्याची पट्टी वेगळी ठेवा. माणसाचा जीव आणि नाल्यात गेलेलं डिझेल एकाच गुणाकारात टाकलं की आकडा येतो, अर्थ उरत नाही.

एका कामाचा एक तक्ता

हा सगळ्यात मोठा भाग. मेथड स्टेटमेंट (काम कसं करणार याचं लेखी वर्णन), आयटीपी, जेएसए आणि पर्यावरणीय पैलू हे चार कागद एका तक्त्यात आणायचे. डावीकडे कामाच्या पायऱ्या, क्रमाने. प्रत्येक पायरीसमोर: दर्जाचा निकष, धोका आणि उपाय, कचरा-गळती-धूळ आणि उपाय, आणि कोणाच्या सहीशिवाय पुढे जायचं नाही. एक मेथड स्टेटमेंट म्हणजे असा एक तक्ता, दोन-तीन पानांचा. दहा पानं झाली तर सुपरवायझर तो वाचणार नाही.

टाकीच्या बाहेरून ब्लास्टिंग आणि पेंटिंगचं काम घेऊ. वास्कोच्या किनाऱ्यावर हे काम फसण्याची कारणं हवेतच असतात.

दर्जाचे नियम ठरलेले: एसए अडीच दर्जाची (जवळजवळ शुद्ध धातू दिसेल इतकी) सफाई, हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत, आणि स्टीलचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त. नवखा इन्स्पेक्टर फक्त आर्द्रता बघतो. समजा हवा ३० अंश, आर्द्रता ८० टक्के, स्टील २९ अंश. आर्द्रता नियमात बसते, पण दवबिंदू येतो सुमारे २६.२, फरक फक्त २.८. म्हणजे रंग लावायचा नाही. लावला तर स्टीलवर न दिसणारा ओलावा राहतो आणि काही महिन्यांत फोड येतात. आर्द्रता ७५ वर आली की त्याच तापमानाला दवबिंदू २५ च्या आसपास जातो आणि काम चालू करता येतं. शिवाय समुद्रावरून येणारं मीठ असतंच. ब्लास्टिंगनंतर क्षारांची चाचणी घ्या. मर्यादा स्पेसिफिकेशनमध्ये असेल ती. जास्त भरलं तर गोड्या पाण्याने धुऊन परत ब्लास्ट. आणि ब्लास्ट केलेला पत्रा उघडा ठेवायचा नाही. बहुतेक स्पेसिफिकेशन ४ तासांत प्राइमर मागतात, पण किनाऱ्यावर त्याआधीच पत्रा लालसर पडताना दिसतो.

आता याच अटी सुरक्षेवर काय करतात ते बघा. पावसाच्या आगेमागे हवा कोरडी मिळते ती साधारण सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत. म्हणजे ब्लास्टर सगळ्यात तापलेल्या वेळी हूड घालून उभा. त्याच वेळेत पेंटर गँग थिनर घेऊन मचाणावर. आणि वेल्डरलाही तीच वेळ हवी असते, कारण सकाळी आणि पाऊस आला की त्याचंही काम थांबतं. दर्जाच्या एका नियमाने दिवसाचे चार-पाच तास उरले आणि त्यात आग लागण्याची दोन कारणं शेजारी शेजारी आली. जेएसए वेगळा लिहिला तर हे दिसत नाही. त्यात ‘गरम काम दूर ठेवा’ एवढंच असतं. एका तक्त्यात लिहिलं की वेळापत्रकच बदलावं लागतं: पेंटिंगच्या वेळेत त्या डाइकमध्ये (टाकीभोवतीच्या बांधाच्या आत) गरम काम बंद, वेल्डिंग दुसऱ्या डाइकमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये.

पर्यावरणाकडून आणखी एक गाठ पडते. कॉपर स्लॅगची धूळ शेजारच्या वस्तीत जाऊ नये म्हणून ताडपत्रीचा आडोसा बांधतात. चांगलंच आहे. पण आत पेंटिंग सुरू झालं की थिनरची वाफ कोंडते, आणि तो आडोसा जवळजवळ बंदिस्त जागा होतो. म्हणजे आत गॅस डिटेक्टर, एक्झॉस्ट ब्लोअर, आणि सगळे दिवे-पंखे फ्लेमप्रूफ. आर्द्रता कमी करायला कुणी साधा हीटर आत नेऊन ठेवला तर दर्जाच्या नावाखाली स्फोटाची तयारी झाली. ब्लास्टरच्या नोझलला हात सोडताच बंद होणारा डेडमॅन हँडल हवा, आणि हूडला जाणारी हवा श्वासोच्छ्वासाच्या दर्जाची. कॉम्प्रेसरचा इनटेक जनरेटरच्या धुराकडे तोंड करून ठेवलेला असतो, ते पहिलं तपासा.

वापरलेला स्लॅग पोत्यात भरून भरावाला देऊन टाकण्याची सवय आहे. जुन्या टाकीवर शिशाचा रंग असेल तर तो स्लॅग धोकादायक कचरा ठरू शकतो. विल्हेवाट ठरवण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून लीचिंगची (पाण्यात विष किती झिरपतं याची) चाचणी करून घ्या. रंगाचे रिकामे डबे आणि थिनरने माखलेल्या चिंध्या मात्र चाचणीशिवायच २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत येतात, ३३.१ आणि ३३.२ म्हणून. भंगारवाल्याला द्यायचे नाहीत. साठवण ९० दिवसांच्या आत, छताखाली, खाली पक्की फरशी, आणि नोंद नमुना ३ मध्ये.

हायड्रोटेस्टचं पाणी

दुसरं काम, ज्यात तिन्ही गोष्टी एकमेकांत अडकतात: हायड्रोटेस्ट, म्हणजे लाइन पाण्याने भरून दाबाखाली तपासणं. ८ इंची, १० किलोमीटर लाइन घ्या. आतला व्यास सुमारे २०६ मिलिमीटर धरला तर पोटात सुमारे ३३३ घनमीटर पाणी मावतं. १२ हजार लिटरचे २८ टँकर. हे पाणी कुठून आणणार आणि कुठे सोडणार, हे टेस्ट पॅकमध्ये पहिल्या पानावर हवं. बहुतेक ठिकाणी ते शेवटच्या दिवशी आठवतं.

भरताना: पाण्यातलं क्लोराइड तपासा, गाळून घ्या, आणि उंचवट्यांवर व्हेंट उघडे ठेवून हवा पूर्ण काढा. गोव्याच्या उताराच्या जमिनीत लाइन वरखाली जाते, तिथे हवा अडकते. अडकलेली हवा दाब धरू देत नाही, म्हणून दर्जाची अडचण. आणि फुटली तर पाण्याच्या कितीतरी पट जोराने फुटते, म्हणून सुरक्षेची. गाडलेल्या लाइनची धारणा, म्हणजे दाब धरून ठेवण्याची वेळ, २४ तासांची. त्यात दिवस-रात्रीच्या तापमानाने दाब हलतो, म्हणून दाबाबरोबर पाइपच्या तापमानाची नोंदही दर तासाला लागते. नाहीतर पहाटे दाब उतरला की गळतीचा शोध सुरू होतो, आणि दुपारी तोच दाब परत चढलेला असतो. दाब चढवण्याचं काम उजेडात सुरू करा, टोकाच्या कॅपसमोर कुणी उभं राहणार नाही अशी दोरी लावा, आणि दोन गेज बसवा, दोन्हींचं कॅलिब्रेशन चालू मुदतीतलं.

सोडताना: त्या पाण्यात पाइपचा गंज, वेल्डिंगचा मळ आणि घातलं असेल तर इनहिबिटर (गंजरोधक) किंवा जंतुनाशक असतं. खाजन शेतात (खाडीकाठच्या बांधातल्या सखल शेतात) किंवा त्याच्या मानशीजवळ (पाण्याच्या दाराजवळ) ते सोडणं म्हणजे गावाशी वैर. खाजनात आत-बाहेर जाणारं पाणी मानशीवरून मोजून चालतं, आणि तिथल्या मासळीवर कुणाचं तरी घर चालतं. सोडण्याची जागा, वेग आणि आधीची चाचणी ही मालक कंपनी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीत बसते का ते आधी बघा. रसायन न घालता काम भागत असेल तर घालूच नका. पाणी लाइनमध्ये थोडेच दिवस राहणार असेल तर बऱ्याचदा भागतं. ४५००१ च्या ८.१.२ मधली ‘मुळातून काढा’ ही पायरी इथे पर्यावरणालाही लागू पडते.

परमिट आणि होल्ड पॉइंट एका घड्याळावर

आयटीपीतला होल्ड पॉइंट म्हणतो, इन्स्पेक्टर येईपर्यंत थांबा. परमिट म्हणतं, शिफ्ट संपायच्या आत काम उरका. या दोघांच्या मध्ये वेल्डर सापडतो. टाय-इनचा (नवी लाइन जुन्या लाइनला जोडण्याचा) फिट-अप, म्हणजे वेल्डिंगआधीची जुळणी, बघायला इन्स्पेक्टर दोन तास उशिरा आला, गॅस टेस्ट सकाळची, परमिट संपायला तासभर उरलेला, आणि सुपरवायझर म्हणतो, ‘मार रे पटकन.’ अपघात अशाच तासाभरात होतात.

उपाय साधा आहे. परमिटच्या अर्जावर त्या कामातला होल्ड पॉइंटचा क्रमांक आणि इन्स्पेक्टरची कळवलेली वेळ लिहा. काम अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबलं किंवा जेवणाची सुट्टी झाली तर गॅस टेस्ट परत. क्रम नेहमी तोच: आधी ऑक्सिजन, मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी वायू. ऑक्सिजन कमी असेल तर ज्वालाग्राही वायू मोजणारं एलईएलचं साधं मीटर खोटं वाचन देतं, म्हणून तो पहिला. बंदिस्त जागेत ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या बाहेर असेल तर आत कुणी नाही.

खोदाईला हेच लागू. दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर भारतीय मानक आयएस ३७६४ प्रमाणे शोअरिंग (चराच्या भिंतींना आधार), आणि माती कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त असेल तितकी दूर. जांभा दगड उभा कापला तरी टिकतो म्हणून लोक शोअरिंग टाळतात. उन्हाळ्यात टिकतो. पहिल्या दोन पावसांनंतर त्याच्या आतली चिकणमाती सुटते आणि कड एकदम बसते. रस्त्याकडेच्या गॅस लाइनसाठी मे अखेरपर्यंत चर बुजवून घेण्याची घाई त्यासाठीच असते, आणि त्या घाईत एमडीपीई प्लास्टिक पाइपचे इलेक्ट्रोफ्यूजन (विजेच्या उष्णतेने वितळवून केलेले) जोड थंड व्हायच्या आत क्लॅम्प काढले जातात. थंड होण्याची वेळ फिटिंगवरच छापलेली असते. सुपरवायझरने ती जोडाशेजारी मार्करने पाइपवर लिहायला लावा, सुरू आणि संपणार अशी.

ग्राहकाबरोबरचं ब्रिजिंग डॉक्युमेंट

ग्राहकाची आणि ठेकेदाराची पद्धत जोडणारा हा करार चार पानांत मावतो. कुणाचं परमिट चालेल, अपघाताचा कुणाचा फॉर्म, किती तासांत कळवायचं, सायरन वाजला की कुठल्या असेंब्ली पॉइंटवर, आणि तेल समुद्रात गेलं तर आपल्या माणसाने कुणाला फोन करायचा. समुद्रातल्या तेलगळतीत समन्वय तटरक्षक दलाकडे असतो, पण ठेकेदाराच्या माणसाने थेट तिकडे न जाता टर्मिनलच्या कंट्रोल रूमला कळवायचं, हे लिहून ठेवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्था घेऊन आलेलं नु-शी नलिनी जहाज दोनापावलाजवळ खडकाला लागलं होतं, तेव्हा सगळ्या गोव्याने बघितलं की अशा वेळी किती यंत्रणा एकाच वेळी कामाला लागतात.

आणि एक ओळ, जी बहुतेक जण विसरतात: धोकादायक कचऱ्याचा जनक कोण? मंडळाची अधिकृतता मालक कंपनीकडे असते, कचरा मात्र ठेकेदाराच्या कामातून निघतो. कुणाच्या नावाने जाणार, गाडी कुणाची, पिसुर्ल्याच्या धोकादायक कचऱ्याच्या सामायिक केंद्रात नोंद कुणाची, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या.

माणसं आणि भाषा

मध्यम ठेकेदाराला तीन वेगळे अधिकारी परवडत नाहीत, म्हणून एकालाच तिन्ही टोप्या घालतात. दर्जा आणि पर्यावरण एका माणसाकडे चालतं. सेफ्टी ऑफिसर वेगळा ठेवा, आणि त्याचं रिपोर्टिंग साइट इन्चार्जला नको, थेट प्रोजेक्ट मॅनेजरला. काम थांबवण्याचा अधिकार मात्र प्रत्येक मजुराला, आणि तो वापरला म्हणून त्या दिवसाची हजेरी कापली जाणार नाही हे लेखी.

टूलबॉक्स टॉक (काम सुरू होण्याआधीची छोटी सुरक्षा-सूचना) मराठीत किंवा कोकणीत देऊन मोकळं होता येत नाही. गँगमधले निम्मे लोक झारखंड, ओडिशा, बिहार, उत्तर कर्नाटकातले असतात. हिंदीत बोला, कन्नड गँगला त्यांच्याच फोरमनकडून. चवथीला स्थानिक लोक आठवडाभर घरी, छठ आणि होळीला उत्तरेकडचे. परत आलेल्या माणसाला नव्यासारखंच इंडक्शन द्या, कारण मधल्या काळात साइट बदललेली असते. सुपरवायझरांच्या प्रशिक्षणासाठी लांब जायची गरज नाही. तेल उद्योगाच्या सुरक्षा-पर्यावरणाचं शिक्षण देणारी ओएनजीसीची संस्था बेतूललाच आहे, १९८९ पासून.

एकच चुकांची वही

वेल्डची दुरुस्ती, थोडक्यात टळलेला अपघात आणि सांडलेलं डिझेल एकाच रजिस्टरमध्ये, तारीख आणि गँगच्या नावासह. दोन-तीन महिन्यांत चित्र दिसू लागतं. ज्या आठवड्यात रेडिओग्राफीत दुरुस्त्या वाढतात, त्याच आठवड्यात टळलेले अपघातही वाढलेले दिसले तर कारण बहुधा एकच असतं: वेळापत्रक आवळलंय, किंवा फोरमन बदललाय. वेगवेगळ्या वह्यांत हे कधीच कळत नाही.

कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहायला बंदी करा. इलेक्ट्रोड ओव्हनमधून काढून दोन तास उघडे पडले होते आणि वेल्डला छिद्रं आली, तर विचारा की पोर्टेबल क्विव्हर (इलेक्ट्रोड गरम ठेवणारे डबे) किती होते आणि वेल्डर किती. कमी होते ना? मग निविदेच्या शीटवर परत जा.

ऑडिट

कलमांची यादी घेऊन ऑडिट करू नका. एक काम उचला आणि त्याच्या मागे जा. आज दुपारी जो टाकीचा शेल रंगवला जातोय, त्याचा ड्यू पॉइंटचा कागद, पेंटच्या बॅचचं प्रमाणपत्र, परमिट, गॅस टेस्टची वेळ, पेंटरची वैद्यकीय तपासणी, काल रिकामे झालेले डबे. तीन तासांत तिन्ही मानकांचं निम्मं ऑडिट होतं. बाहेरच्या प्रमाणन संस्थेकडेही तिन्हींचं एकत्र ऑडिट मागा. व्यवस्था खरोखर एकत्र असेल तर आयएएफ या मान्यता संस्थांच्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या एमडी ११ नियमानुसार ऑडिटचे दिवस २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. खर्च तिथेही वाचतो.

काम संपवताना

हँडओव्हर डॉसियरची (काम सोपवतानाच्या कागदपत्रांच्या संचाची) अनुक्रमणिका कामाच्या पहिल्या आठवड्यातच ग्राहकाकडून मंजूर करून घ्या आणि त्यात पर्यावरणाचा विभाग टाका. वेल्ड मॅप, रेडिओग्राफीचे अहवाल, हायड्रोटेस्टचा चार्ट हे सगळे गोळा करतात. राहतं ते कचऱ्याचं मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीची पावती. नमुना १० सात प्रतींत निघतो, आणि कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राची सही होऊन जी प्रत परत यायला हवी, तिच्या मागे कुणी लागत नाही. गाडी गेली त्याच दिवशी रजिस्टरमध्ये ‘प्रत येणे बाकी’ अशी उघडी त्रुटी टाका, वेल्डच्या दुरुस्तीसारखीच, आणि प्रत हातात येईपर्यंत ती बंद करू नका. रिटेन्शनचे (ग्राहकाने राखून ठेवलेले) पैसे मागायला जाताना तोच एक कागद नाही म्हणून बिल परत येतं.